हमीची मुदत आणि यंत्राचे आयुष्य

नवी मोटार ताब्यात घेणाऱ्या मनुष्याच्या हाती जे दस्तऐवज पडतात, त्यांतले दोन एकमेकांशेजारी ठेवून स्वस्थपणे वाचण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. पहिला नोंदणीचा दाखला. मोटार वाहन अधिनियमान्वये खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षे ग्राह्य असते, आणि महाराष्ट्रात तिच्यावरचा करही तिच्या आयुर्मानाचा अंदाज धरून एकरकमी भरून घेतला जातो. दुसरा निर्मात्याच्या हमीचा कागद. त्यातली मुदत आज बहुधा तीन वर्षे अथवा एक लाख किलोमीटर, यांपैकी जे आधी पुरे होईल ते, अशी असते. म्हणजे ज्या वस्तूचे आयुष्य शासन १५ वर्षांचे मानते, जी वस्तू बँक पाच-सात वर्षांच्या कर्जाला तारण म्हणून स्वीकारते आणि जी दहा-बारा वर्षे सहज चालेल असे गृहीत धरून मध्यमवर्गीय कुटुंब आपली बचत तिच्यावर खर्ची घालते, तिच्याविषयी तिचा निर्माता तीन वर्षांपलीकडे काहीही बोलायला स्वतःला बांधील समजत नाही. उरलेल्या १२ वर्षांत त्या यंत्राच्या पोटात जे बिघडेल त्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न प्रत्येक मालकाला कधी ना कधी गाठतो. आणि तो सर्वांत कठोर रूपात उभा राहतो तो स्वयंचलित गिअरबॉक्स निकामी होतो तेव्हा.

टायर झिजतात, बॅटरी उतरते, ब्रेकचे लायनर संपतात. या झिजेला मालक सरावलेला असतो आणि तिच्याबद्दल त्याची तक्रारही नसते. हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत क्लच गेला, तर तालुक्याच्या गावातला कोणताही बरा मेकॅनिक एक-दोन दिवसांत गिअरबॉक्स उतरवून नवी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग बसवून देतो, आणि त्याचे बिल जड वाटले तरी सोसता येते. स्वयंचलित गिअरबॉक्सचे दुखणे निराळ्या रीतीने येते. प्रथम सकाळी थंड गाडीत रिव्हर्स टाकल्यावर क्षणभर काहीच घडत नाही आणि मग एकदम धक्का बसतो. पुढे चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही. मग एखाद्या दिवशी घाटात, मागे ट्रकांची रांग असताना, गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसते आणि समोरच्या पडद्यावर पिवळे चिन्ह पेटते. अधिकृत सेवाकेंद्रात स्कॅनर लावला जातो आणि जॉब कार्डावर एका ओळीचा शेरा उमटतो: गिअरबॉक्स असेंब्ली बदलणे. त्या ओळीपुढचा आकडा दीड-दोन लाखांपासून सुरू होतो आणि गाडीच्या प्रकारानुसार त्याच्याही पुष्कळ वर जातो. आठ वर्षांच्या गाडीला बाजारात जी किंमत येते, तिचा निम्मा वाटा, क्वचित सगळाच, एका सुट्या भागात घालावा की गाडीच मोडीत काढावी, असा पेच त्या कुटुंबापुढे पडतो.

या पेचातून मार्ग काढण्यासाठी यंत्र थोडे तरी समजून घेतले पाहिजे. सेवाकेंद्राच्या काउंटरवर जो शब्द सरसकट वापरला जातो, त्या ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली आज आपल्या रस्त्यांवर किमान चार भिन्न यंत्रे धावतात. त्यांतले सर्वांत जुने टॉर्क कन्व्हर्टरचे. जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर याने विसाव्या शतकाच्या आरंभी जहाजांसाठी द्रवातून शक्ती वाहून नेण्याची जी युक्ती शोधली, तिचे हे वंशज. मोटारीत पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स मोठ्या प्रमाणावर प्रथम आला तो जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक. तो १९३९ साली ओल्ड्समोबिल गाड्यांत बसू लागला. दुसरे यंत्र सीव्हीटी, ज्यात ठरावीक गिअर नसून दोन कप्प्यांमध्ये पोलादी पट्टा सरकतो. तिसरे दुहेरी क्लचचे, ज्याचे क्लच काही नमुन्यांत तेलात बुडलेले तर काहींत कोरडे असतात. चौथे एएमटी, जे २०१४ साली सेलेरिओबरोबर आपल्याकडे सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आले. ते वस्तुतः हाताने बदलण्याचाच गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम माणसाऐवजी एक विद्युत-नियंत्रित यंत्रणा करते. या चारींचे आजार वेगळे, औषध वेगळे आणि खर्चही वेगळा. एएमटीचा अॅक्चुएटर बिघडला असताना अख्खा गिअरबॉक्स बदलण्याची गरज नसते. उलट सीव्हीटीच्या पट्ट्याने कप्प्यांना चरे पाडले असतील तर नुसते तेल बदलून काही साधत नाही. तेव्हा आपल्या गाडीत यांपैकी कोणते यंत्र आहे आणि त्याच्या कोणत्या अंगात दोष आहे, याचा खुलासा लेखी मिळाल्यावाचून कोणत्याही अंदाजपत्रकावर सही करणे म्हणजे रोगाचे निदान होण्यापूर्वीच शस्त्रक्रियेला मान्यता देणे होय.

आता तेलाविषयी, कारण या सगळ्या प्रकरणाचे मर्म पुष्कळ अंशी तेलात आहे. टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समधले तेल केवळ वंगण नसते. तेच कन्व्हर्टरमधून इंजिनाची शक्ती वाहून नेते, तेच दाबाखाली व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक नागमोडी वाटांतून फिरून योग्य क्षणी योग्य क्लच आवळते, तेच आतली उष्णता बाहेर नेते, आणि क्लचच्या चकत्यांमधले घर्षण नेमके किती असावे हेही त्यात मिसळलेली द्रव्येच ठरवितात. हे घर्षणाचे गणित किती नाजूक आहे, हे एका जुन्या गोष्टीवरून ध्यानात येईल. एके काळी अमेरिकेत या तेलात स्पर्म जातीच्या देवमाशाची चरबी मिसळीत. १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी त्या जीवाच्या रक्षणासाठी कायदे झाले, ती बंद करावी लागली आणि तिच्या तोडीचे रासायनिक द्रव्य बनविण्यासाठी तेल-कंपन्यांना मोठा खटाटोप करावा लागला. असे हे तेल उष्णतेने जुने होते. तपमान दहा अंशांनी वाढले की ऑक्सिडीकरणाचा वेग सुमारे दुप्पट होतो, हा रसायनशास्त्राचा सर्वसाधारण ठोकताळा येथेही लागू आहे. मे महिन्यात पुण्याच्या वाहतुकीत तासभर रखडणाऱ्या, किंवा सहा माणसे आणि सामान घेऊन खंबाटकी चढणाऱ्या गाडीच्या गिअरबॉक्सला या नियमातून सूट नाही.

असे असूनही कित्येक गाड्यांच्या मार्गदर्शिकेत हे तेल ‘आयुष्यभरासाठी’ भरलेले आहे, ते बदलण्याची आवश्यकता नाही, असा मजकूर छापलेला असतो. गिअरबॉक्स बनविणारी झेडएफ ही जर्मन कंपनी मात्र आपल्या स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरांच्या दरम्यान, किंवा उशिरात उशिरा आठ वर्षांनी, बदलावे असा सल्ला देते. आणि तिचे गिअरबॉक्स बसविलेल्या काही गाड्यांचे निर्माते त्याच तेलाला आयुष्यभराचे म्हणतात. हे आयुष्य कोणाचे? तेलाचे, गिअरबॉक्सचे, की हमीच्या मुदतीचे? प्रश्न वरकरणी किरकोळ दिसतो, पण त्याच्या उत्तरावर लाखांचा खर्च अवलंबून असतो, आणि उत्तर ठाऊक असणारा पक्ष ते छापीत नाही.

साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षकांची हकीकत मी जवळून पाहिली आहे. गुडघेदुखीमुळे क्लच दाबणे त्यांना अशक्य झाले म्हणून त्यांनी निवृत्तीच्या पैशांतून स्वयंचलित गाडी घेतली, प्रत्येक सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातच करविले आणि सगळी बिले तारीखवार लावून एका फायलीत जपली. हमी संपून काही वर्षे लोटल्यावर वर वर्णिलेलीच लक्षणे दिसू लागली, आणि केंद्राने असेंब्ली बदलण्याचे अंदाजपत्रक हाती ठेवले. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या एका व्यापाऱ्याने त्यांना पुण्यातल्या एका मेकॅनिककडे धाडले, जो केवळ स्वयंचलित गिअरबॉक्सचेच काम करतो. “सर, आत्ता असेंब्लीचं नाव काढू नका. आधी तेल उतरवून बघू,” एवढेच तो म्हणाला.

त्या दिवशी मी तेथे होतो. गाडी लिफ्टवर चढवून त्याने खालचे पॅन सोडविले. नव्या स्थितीत लालसर असणारे तेल गडद तपकिरी होऊन उतरले होते आणि त्याला करपल्याचा वास होता. पॅनच्या तळाशी बसविलेल्या लोहचुंबकांवर बारीक लोखंडी कीस इतका दाट जमला होता की चुंबकाचा आकारच दिसेना; मेकॅनिकने तो बोटावर घेऊन उजेडात धरला, चोळून पाहिला आणि सांगितले की ही नेहमीची झीज आहे, चमकणारे तुकडे नाहीत, म्हणजे गिअरचे दाते आणि बेअरिंग शाबूत आहेत. कचरा अडकल्याने एका सोलेनॉइडची हालचाल मंदावली होती, त्यामुळे दाब अपुरा पडून एका क्लचच्या चकत्या जळू लागल्या होत्या. चकत्या, सीले आणि फिल्टर यांचा संच बाजारात मिळत होता. मजुरीसह तो खर्च केंद्राच्या आकड्याच्या चौथ्या हिश्शाच्या आत बसत होता. येथवर सर्व सुरळीत झाले. परंतु त्या गाडीत सोलेनॉइड, व्हॉल्व्ह बॉडी आणि नियंत्रण करणारा छोटा संगणक ही तिन्ही एकाच घटकात जोडलेली होती. कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारातून तोच घटक चांगल्या स्थितीत मिळाला, बसविला गेला, आणि गाडी जागची हलेना. कारण त्या संगणकात पहिल्या गाडीचा क्रमांक नोंदलेला होता, नवी नोंद करण्याची आज्ञावली केवळ निर्मात्याच्या यंत्रणेतून चालत होती आणि जुना भाग नोंदविण्यास सेवाकेंद्राने साफ नकार दिला. अखेर तो घटक निर्मात्याकडून कोरा विकत घ्यावा लागला, आणि वाचलेल्या पैशांपैकी बराच भाग त्यातच गेला. मेकॅनिकच्या हाती कसब होते, निदान अचूक होते, सुटा भाग निर्दोष होता. उणीव होती ती फक्त परवानगीची.

या हकीकतीत मला जो सिद्धांत दिसतो तो असा: ज्या पक्षाने यंत्राविषयीचे ज्ञान आपल्या ताब्यात राखून ठेवले आहे, त्याने त्या यंत्राची जबाबदारी मुदतीच्या सबबीवर दुसऱ्याच्या अंगावर टाकू नये. हमीची मुदत संपते तेव्हा धोक्याची मालकी निर्मात्याकडून ग्राहकाकडे येते, हे मला मान्य आहे. प्रत्येक वस्तूच्या बाबतीत केव्हातरी असे व्हावेच लागते. पण धोक्याबरोबर तो निवारण्याची साधनेही हस्तांतरित झाली पाहिजेत: कोणते तेल, किती, केव्हा, कोणता दाब योग्य, कोणता दोष-संकेत कशाचा निदर्शक, कोणता भाग वेगळा मिळतो, आणि तो बसविल्यावर त्याची नोंद कशी करायची. ही साधने निर्मात्याच्या कुलपात आणि धोका मात्र मालकाच्या दारात, ही वाटणी न्याय्य नव्हे. कोठाराची किल्ली ज्याच्या कमरेला, कोठाराचा हिशेब त्यानेच द्यायचा असतो. हिशेब नको असेल तर किल्ली सोडावी. दोहोंपैकी काहीही पत्करले तरी माझी हरकत नाही. हरकत आहे ती किल्ली राखून हिशेब नाकारण्याला.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हमीची मुदत यंत्राच्या स्वभावावरून ठरलेली असते आणि तिच्या पलीकडे जाणे अशास्त्रीय होय. वस्तुस्थिती याला दुजोरा देत नाही. २०२४ च्या जुलैत मारुती सुझुकीने आपल्या गाड्यांची मूळ हमी दोन वर्षे अथवा ४०,००० किलोमीटरांवरून तीन वर्षे अथवा एक लाख किलोमीटरांवर नेली. आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी विकल्या गेलेल्या गाड्यांच्या धातूत काही फरक पडला नव्हता. निसानने अमेरिकेत २००३ ते २०१० च्या सीव्हीटी गाड्यांची गिअरबॉक्सवरची हमी पाच वर्षे अथवा ६०,००० मैलांवरून थेट दहा वर्षे अथवा १,२०,००० मैलांपर्यंत दुप्पट केली, आणि तीही त्या गाड्या विकून झाल्यावर. चीनमध्ये दुहेरी क्लचच्या डीएसजी गिअरबॉक्सविषयी तक्रारींचा गदारोळ उठला तेव्हा फोक्सवॅगनने २०१२ साली त्याची हमी दहा वर्षे अथवा १,६०,००० किलोमीटर केली, आणि पुढल्याच वर्षी, तेथील सरकारी दूरचित्रवाणीने ग्राहक-दिनाच्या कार्यक्रमात हे प्रकरण लावून धरल्यानंतर, ३,८४,१८१ गाड्या परत बोलाविल्या. मुदत हा व्यापारी निर्णय असतो. स्पर्धा, लोकमत आणि शासन यांच्या दाबाने तो बदलतो. म्हणून तो बदलावा अशी मागणी करण्यात अशास्त्रीय असे काही नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा, कारण तो मालकाच्याच वर्तनाकडे बोट दाखवितो: गाडी नीट चालविली नाही, चढावर ब्रेक न लावता अॅक्सिलरेटरवरच धरून ठेवली, पाण्यातून नेली, म्हणून गिअरबॉक्स गेला. असे घडत नाही असे कोणी म्हणणार नाही, विशेषतः कोरड्या क्लचच्या गाड्यांत घाटातल्या रांगेत इंचाइंचाने पुढे सरकण्याची सवय घातकच आहे. परंतु हा आरोप किती सोयीने वापरला जाऊ शकतो, याचा दाखला ऑस्ट्रेलियातल्या एका निवाड्यात मिळतो. तेथे फोर्डच्या फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट या गाड्यांत बसविलेल्या पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सविषयी ग्राहकांनी थरथरीच्या तक्रारी केल्या, तेव्हा कित्येकांना त्यांच्या चालविण्याच्या पद्धतीचाच हा परिणाम असल्याचे सांगितले गेले, वस्तुतः त्या गिअरबॉक्समधल्या दोषांची कल्पना कंपनीला होती. स्पर्धा व ग्राहक आयोगाने दावा लावला आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये तेथील फेडरल न्यायालयाने कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांचा दंड केला. येथेही मुद्दा ज्ञानाचाच आहे. थरथर कशाने होते हे सांगू शकणारा एकच पक्ष होता. तक्रारदारापाशी स्वतःच्या पायांखेरीज दुसरा पुरावा नव्हता.

त्याच देशाच्या ग्राहक कायद्यातले एक तत्त्व आपण मनःपूर्वक स्वीकारावे असे मला वाटते. वस्तूची किंमत, तिचा प्रकार आणि तिच्याविषयी केलेली विधाने लक्षात घेता समंजस ग्राहक जितक्या टिकाऊपणाची अपेक्षा करील तितकी ती टिकली पाहिजे, ही हमी तेथे कायदाच देतो. निर्मात्याच्या छापील मुदतीने ती संपत नाही. आपल्याकडे या विचाराची बीजे जुनी आहेत. १९३० च्या वस्तुविक्री अधिनियमाच्या १६ व्या कलमात वस्तू विक्रीयोग्य आणि हेतूला अनुरूप असण्याची गर्भित अट आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमात दोषाची व्याख्या पुरेशी व्यापक आहे. पण टिकाऊपणाचा स्पष्ट उच्चार कोठे नाही. त्याच अधिनियमात उत्पादकाच्या दायित्वाचे जे नवे प्रकरण आले, त्याचे पुष्कळ स्वागत झाले. तथापि त्यातील हानीच्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूला झालेली हानी वगळलेली आहे. गिअरबॉक्स निकामी होऊन अपघातात कोणी जखमी झाला तर ते प्रकरण कामाला येते, नुसता गिअरबॉक्सच गेला तर येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २००६ साली मोटारीच्या क्लचसंबंधीच्या एका वादात हमीच्या अटींचा अर्थ दोषयुक्त भाग दुरुस्त करणे वा बदलणे इतकाच होतो, अख्खी गाडी बदलून देणे नव्हे, असा निर्णय दिला. हमी चालू असतानाच जर ग्राहकाचा हक्क इतका मोजका, तर ती संपल्यावर त्याने कशाच्या आधारे उभे राहावे?

ज्ञानाच्या कुलपाविषयी मात्र आपल्याकडे एक महत्त्वाचा आदेश झालेला आहे आणि तो सर्वसामान्य मालकाला जवळजवळ अपरिचित आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना एकूण अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल. बाहेरच्या गॅरेजात काम केले म्हणून सरसकट हमी रद्द करू नये, असेही आयोगाने बजावले. एका साध्या ग्राहकाच्या तक्रारीतून उद्भवलेले हे प्रकरण. पुढे अपिले झाली, घटनात्मक वैधतेचे प्रश्न उपस्थित झाले, आणि आदेशातला आशय दुकानदाराच्या फळीपर्यंत आणि मेकॅनिकच्या हातापर्यंत पोचण्याचे काम मागेच राहिले. २०२२ च्या जुलैत केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली, डिसेंबरात एक संकेतस्थळही उघडले, आणि त्याच्या चार क्षेत्रांत मोटारींचा समावेश आहे. हे पाऊल स्वागतार्ह खरेच. परंतु कंपन्यांनी स्वेच्छेने दिलेली माहिती एकत्र लावणे वेगळे आणि माहिती देण्याचे बंधन घालणे वेगळे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ सालीच कायदा करून अधिकृत केंद्रांना मिळणारी तपासणीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना रास्त दराने देणे निर्मात्यांवर बंधनकारक केले. त्याने तेथील मोटार-उद्योग बुडाला नाही.

गाडीच्या संगणकात कोणालाही शिरू दिले तर चोरी वाढेल, अपघात होतील, ही भीती निर्माते बोलून दाखवितात, आणि ती मी हसण्यावारी नेत नाही. चावी आणि ब्रेक यांच्या आज्ञावली बंद राहाव्यात, त्यांच्या वापराची नोंद राहावी, मेकॅनिकची परीक्षा घेऊन त्याला अनुज्ञापत्र द्यावे; या सर्व तजविजी होऊ शकतात. पण जुन्या गिअरबॉक्सचा घटक दुसऱ्या गाडीत नोंदविण्याने कोणाच्या सुरक्षिततेला बाध येतो, याचे उत्तर अद्याप माझ्या वाचनात आलेले नाही. खर्चाचा आक्षेपही असाच तपासून घ्यावा. लांब हमी दिली तर तिचे मूल्य किमतीत मिसळून सर्वच ग्राहकांवर पडेल, हे गणित बरोबर आहे. मात्र आज तेच मूल्य मोजक्या दुर्दैवी ग्राहकांवर एकदम कोसळते आणि त्यांत निवृत्त, सेकंडहँड गाडी घेणारे, हप्ते नुकते संपलेले लोकच अधिक असतात. शिवाय मी लांब हमीचा आग्रह धरीतही नाही. तेलाचा खरा कालावधी छापणे, प्रमुख भागांच्या किमती विक्रीच्या वेळीच लेखी देणे, असेंब्लीचे घटक सुटे विकणे आणि नोंदणीची आज्ञावली खुली करणे, यांचा खर्च फारसा नाही. यांमुळे जो नफा घटेल तो मालकाच्या अज्ञानातून येणारा नफा आहे, आणि त्याचे समर्थन करण्यास कोणी पुढे येईल असे मला वाटत नाही.

कायदा बदलेपर्यंत ज्याची गाडी आजच घाटात अडकली आहे, त्याला तत्त्वचर्चा पुरणार नाही. त्याने दोष-संकेतांची छापील प्रत मागून घ्यावी. तेल कोणत्या स्थितीत उतरले याची छायाचित्रे ठेवावीत. असेंब्लीच का, घटक का नाही, याचे लेखी उत्तर केंद्राकडून मागावे. आणि सर्व्हिसिंगची बिले जोडून निर्मात्याच्या मुख्य कार्यालयाला सविस्तर पत्र धाडावे, कारण हमी संपून थोडाच काळ लोटला असेल तर सद्भावनेखातर भागांच्या किमतीचा काही हिस्सा सोसण्याची वहिवाट पुष्कळ कंपन्यांत आहे, पण ती न मागणाऱ्याला कोणी आपण होऊन सांगत नाही. तेवढ्याने न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाचे दार आहे. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तूचा दावा तेथे चालतो, २०१९ च्या अधिनियमाने तो आपण राहतो त्या जिल्ह्यात लावण्याची मुभा दिली आहे, म्हणजे साताऱ्याच्या मालकाला कंपनीच्या शहरात खेपा घालाव्या लागत नाहीत. मात्र दाव्याचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. दोष प्रयोगशाळेतल्या तपासणीवाचून ठरविता येण्यासारखा नसेल तर वस्तू तपासणीसाठी धाडण्याचा अधिकार आयोगाला आहे, आणि त्यासाठी वस्तू अस्तित्वात असावी लागते. नवी असेंब्ली बसविताना जुनी परत घेण्याचा सेवाकेंद्रांचा शिरस्ता असतो आणि त्याबद्दल किमतीत सूटही मिळते. पण वाद पुढे न्यायचा असेल तर ती सूट सोडावी, जुना गिअरबॉक्स जॉब कार्डावर तशी नोंद करवून आपल्या ताब्यात घ्यावा, त्यावरचा क्रमांक उतरवून ठेवावा आणि निकाल लागेपर्यंत तो कोणाला उघडू देऊ नये.